दुपारी उष्णतेची लाट, सायंकाळी गडगडाट!

मे महिन्याच्या मध्यावर हवामान खात्याचे दैनंदिन पत्रक वाचणाऱ्यास त्यात अनेकदा एक विसंगती आढळते. विदर्भातील एखाद्या जिल्ह्यापुढे ‘उष्णतेच्या लाटेची शक्यता’ असा इशारा दिलेला असतो. त्याच जिल्ह्यापुढे, त्याच तारखेला, ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचे वारे’ अशीही नोंद असते. ऊन की पाऊस, यांपैकी एक काहीतरी ठामपणे सांगा, अशी वाचकाची स्वाभाविक अपेक्षा असते. दोन्ही सांगितल्यावर ‘वेधशाळेने दोन्ही दगडांवर पाय ठेवले’ असे म्हणून पत्रक बाजूला सारले जाते. वेधशाळेच्या अंदाजांवरचे विनोद महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. त्यात आणखी एकाची भर पडते.

वास्तविक या दोन इशाऱ्यांत विसंगती नाही. दुपारचे ऊन हेच सायंकाळच्या वादळाचे इंधन असते. ग्रामीण महाराष्ट्राला हे नाते वळवाच्या पावसामुळे पूर्वापार ठाऊक आहे. विसंगती असलीच तर ती वेगळ्या ठिकाणी आहे. उन्हापासून बचावासाठी जे सल्ले दिले जातात, त्यांतील काही सल्ले विजेच्या बाबतीत थेट घातक ठरू शकतात. दोन्ही इशारे एकाच दिवशी असतील, तेव्हा कोणत्या तासाला कोणता धोका मोठा हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

भट्टी कशी पेटते?

मे महिन्यात सूर्य महाराष्ट्राच्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकत असतो. पुण्यात साधारण १३-१४ मे रोजी, मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या आसपास तो मध्यान्ही बरोबर माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली त्या क्षणी नाहीशी होते. विदर्भात ‘नवतपा’ म्हणून ओळखले जाणारे नऊ दिवस सूर्याच्या रोहिणी नक्षत्रातील प्रवेशापासून, म्हणजे २५ मेच्या सुमारास सुरू होतात. परंपरेने धरलेला हा काळ आणि सूर्य नागपूरच्या माथ्यावर येण्याचा काळ जवळजवळ एकच आहे.

केवळ सूर्य माथ्यावर आल्याने मात्र पारा ४५ अंशांवर जात नाही. तसे असते तर मुंबईही तितकीच तापली असती. विदर्भ समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. उन्हाळ्यात तेथे राजस्थान आणि मध्य प्रदेशाकडून येणारे कोरडे, तापलेले वारे वाहतात. जमिनीत ओलावा असेल तर सूर्याच्या उष्णतेचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत तो ओलावा उरलेला नसतो; सगळी उष्णता माती आणि तिच्यालगतची हवा तापवण्यात जाते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला ही नावे दरवर्षी सर्वाधिक तापमानाच्या यादीत दिसतात, त्यामागे हे कारण आहे.

कोकण किनाऱ्याचे गणित निराळे आहे. तेथे दुपारी समुद्रावरून येणारे वारे हवा थंड करतात. जमिनीकडून वाहणारे पूर्वेचे वारे प्रबळ असतील आणि समुद्री वारा उशिरा सुरू झाला, तर मुंबईत मार्च महिन्यातच पारा ४० अंशांच्या आसपास जाऊन पोहोचतो.

‘लाट’ कधी म्हणायचे?

‘उष्णतेची लाट’ हा शब्दप्रयोग बोलण्यात सैलपणे वापरला जात असला, तरी हवामान खात्याच्या लेखी त्याला नेमका अर्थ आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असले पाहिजे आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असले पाहिजे. फरक ६.४ अंशांहून अधिक झाल्यास ती ‘तीव्र लाट’ ठरते. किनारपट्टीसाठी तापमानाची अट ३७ अंशांची आहे. याखेरीज, सरासरी काहीही असो, प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले तर लाट आणि ४७ अंशांवर गेले तर तीव्र लाट मानली जाते. हवामान विभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती राहिल्यास दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

ही दुसरी अट विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मेच्या उत्तरार्धात नागपूरचे सरासरी कमाल तापमान ४३ अंशांच्या जवळपास असते. केवळ सरासरीशी तुलना केली, तर तेथे पारा साडेसत्तेचाळीसवर जाईपर्यंत लाट म्हणता येणार नाही. पुण्यात मात्र मेमधील सरासरी ३७ अंशांच्या घरात असल्याने साडेएक्केचाळीस अंशांनाही लाट ठरू शकते. एकच आकडा एका शहरात नित्याचा आणि दुसऱ्या शहरात संकटाचा असतो, तो यामुळे.

या व्याख्येतून एक गैरसमज मात्र संभवतो. लाट जाहीर झाली नाही, म्हणजे धोका नाही, असे नव्हे. शरीराला वाढत्या उष्णतेशी जुळवून घेण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये अचानक आलेली ४० अंशांची दुपार मेमधील ४३ अंशांहून अधिक त्रासदायक ठरू शकते. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींतील कोणत्याही मार्चपेक्षा अधिक होते. उन्हाळ्याची तयारी मे महिन्यावर ढकलण्याचे दिवस सरले आहेत, याची ती जाणीव होती.

आकडा सावलीतला असतो

वृत्तपत्रात छापून येणारे तापमान उन्हातले नसते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, मोकळ्या जागी ठेवलेला असतो. तो सावलीतील हवेचे तापमान दाखवतो. डांबरी रस्ता, पत्र्याचे छप्पर, उन्हात उभी केलेली मोटार यांचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबासाठी किंवा रस्त्याच्या कामावरील मजुरासाठी ‘४४ अंश’ हा आकडा प्रत्यक्ष अनुभवाच्या बराच अलीकडचा असतो.

दुसऱ्या टोकाला, फुगवलेले आकडेही पसरतात. मे २०२४च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखविली आणि ती काही तासांत देशभर पसरली. हवामान खात्याने हा संवेदकातील बिघाड असावा, असे स्पष्ट केले. त्याच सुमारास दिल्लीतील मुंगेशपूर केंद्राने दाखविलेले ५२.९ अंश हेही संवेदकाच्या सुमारे तीन अंशांच्या चुकीमुळे होते, असे तपासणीत आढळले. भारतातील अधिकृत विक्रम राजस्थानातील फलोदी येथील असून तो १९ मे २०१६ रोजीच्या ५१ अंशांचा आहे. त्याहून मोठा आकडा भ्रमणध्वनीवर आला, तर पुढे पाठविण्यापूर्वी थांबणे बरे.

शरीराचा हिशेब

माणसाचे शरीर आतून सुमारे ३७ अंशांवर चालते. बाहेरची हवा त्याहून गरम झाली, की घामाचे बाष्पीभवन हाच शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग उरतो. हवा कोरडी असेल तर घाम चटकन उडतो. हवा दमट असेल तर तो त्वचेवरच साचून राहतो आणि शरीरातील उष्णता बाहेर पडत नाही. नागपूरकरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. वाळ्याचे ताटे लावलेला कूलर मेच्या कोरड्या दुपारी खोली गारेगार करतो, आणि ढग दाटून आलेल्या दिवशी तोच कूलर नुसता चिकचिकाट वाढवतो. ज्या दिवशी कूलर थंडावा देत नाही, त्या दिवशी घामही तो देत नाही.

तापमापकाचा आकडा एकट्याने पुरेसा नसल्याचे एक दुःखद उदाहरण महाराष्ट्रापुढे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा खुल्या मैदानावर झाला. लाखोंचा समुदाय दुपारपर्यंत उन्हात बसून होता. जवळच्या केंद्रावरील त्या दिवसाचे कमाल तापमान सुमारे ३८ अंश होते. विदर्भातील वाचकाला हा आकडा सौम्य वाटेल. तरीही त्या दिवशीच्या उष्माघाताने शासकीय आकड्यानुसार १४ जणांचा बळी घेतला. किनाऱ्यावरची दमट हवा, डोक्यावर छत नसणे आणि उठून जाणे अवघड व्हावे अशी गर्दी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर ३८ अंशही जीवघेणे ठरले.

उष्णतेचे आणखी एक लक्षण असे, की ती गाजावाजा न करता मारते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यातील मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना करणाऱ्या अभ्यासात १,३४४ मृत्यू नेहमीपेक्षा अधिक आढळले. त्यांतील बहुतेकांच्या नोंदीत ‘उष्माघात’ हा शब्द नसतो. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, वार्धक्य अशीच कारणे लिहिली जातात. या अनुभवानंतर २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने दक्षिण आशियातील पहिली उष्णता कृती योजना आखली. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तोच मार्ग धरला.

उन्हातूनच वादळ

आता त्याच पत्रकातील दुसऱ्या इशाऱ्याकडे वळू. दुपारी तापलेली जमीन तिच्यालगतची हवा तापवते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाऊ लागते. वर जाताना ती थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात. ढग तयार होतो. यासाठी उष्णतेच्या जोडीला बाष्पही हवे. मेमध्ये अरबी समुद्र किंवा बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येणारे वारे कधी कधी विदर्भ-मराठवाड्यापर्यंत पोहोचतात. वायव्येचे कोरडे आणि दक्षिणेकडील दमट वारे ज्या पट्ट्यात समोरासमोर येतात, तो पट्टा विदर्भ-मराठवाड्यातून अंतर्गत कर्नाटकाकडे पसरलेला असतो. हवामान वृत्तांत येणारी ‘कमी दाबाची द्रोणीय रेषा’ ती हीच.

बऱ्याचदा वरच्या थरांत उष्ण, कोरड्या हवेचे झाकण असते. ते असेपर्यंत खालची दमट हवा नुसतीच तापत राहते. प्रेशर कुकरप्रमाणे दाब साठत जातो. दुपार कलताना ते झाकण एखाद्या ठिकाणी फुटते आणि तासाभरात ढगाचा मनोरा १२ ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत जातो. ज्या दिवशी ऊन अधिक आणि हवा दमट, त्या दिवशी फुटणारे वादळही अधिक जोरकस असते. उष्णतेचा आणि गडगडाटाचा इशारा एकाच दिवशी येतो, तो यामुळे.

या ढगाच्या मध्यभागाचे तापमान शून्याच्या खाली असते. तेथे हिमकण आणि गारांचे बारीक गोळे एकमेकांवर आदळून विद्युत्‌भार वेगळे होतात आणि त्यांतून वीज निर्माण होते. विजेच्या वाटेतील हवा क्षणार्धात सुमारे ३० हजार अंशांपर्यंत तापते. तिच्या अचानक प्रसरणाचा आवाज म्हणजे गडगडाट. पावसाबरोबर थंड हवेचा लोंढा खाली कोसळतो आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरतो. पाऊस येण्याच्या काही मिनिटे आधी अचानक सुटणारा धुळीचा सोसाट्याचा वारा तो हाच.

शहरांत सर्वाधिक हानी या वाऱ्याने होते. १३ मे २०२४ रोजी दुपारी मुंबईवर असेच धुळीचे वादळ आले. घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ जणांना प्राण गमवावे लागले. महापालिकेच्या नियमांत ४० बाय ४० फुटांपर्यंतच्या फलकांना वाव असताना तो फलक १२० बाय १२० फुटांचा होता. त्या दिवशी मुंबईत पाऊस फार मोठा नव्हता. वारा काही मिनिटांचाच होता; तेवढा पुरला.

‘तुरळक’ म्हणजे किरकोळ नव्हे

अंदाजातील शब्द वाचताना होणारी सर्वांत मोठी गफलत ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांविषयी आहे. अनेकांना त्याचा अर्थ ‘थोडासा पाऊस’ असा वाटतो. हवामान खात्याच्या परिभाषेत हा शब्द पावसाच्या जोराविषयी नसून त्याच्या व्याप्तीविषयी आहे. विभागातील एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, निम्म्यापर्यंत असेल तर ‘काही ठिकाणी’, त्यापुढे ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि तीन चतुर्थांशांहून अधिक असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’ असे म्हटले जाते. म्हणजे तुरळक ठिकाणी होणारे वादळ त्या मोजक्या ठिकाणी अत्यंत उग्र असू शकते. शेजारच्या तालुक्यात मात्र रणरणते ऊन कायम असते. दोन्ही ठिकाणी अंदाज खराच ठरलेला असतो.

रंगांचीही अशीच गोष्ट. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे कृती करा. हे रंग किती मिलिमीटर वा किती अंश एवढेच सांगत नाहीत. संभाव्य परिणाम आणि घटनेची शक्यता या दोहोंचा विचार करून ते ठरविले जातात.

या दोन संकटांच्या अंदाजांतील विश्वासार्हता सारखी नसते, हेही लक्षात घ्यायला हवे. उष्णतेची लाट विस्तीर्ण प्रदेशावर पसरते आणि हळूहळू येते. तिचा अंदाज काही दिवस आधी बऱ्यापैकी भरवशाने देता येतो. गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि त्याचे आयुष्य अनेकदा एक-दोन तासांचे असते. आज सायंकाळी विदर्भात वादळे होतील, एवढे सकाळी सांगता येते. ती कोणत्या गावावर होतील, हे सांगता येत नाही. त्यासाठी डॉप्लर रडारच्या आधारे पुढील तीन तासांपुरता तातडीचा अंदाज दिला जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप परिसरात पडणाऱ्या विजांची सूचना भ्रमणध्वनीवर देते. उन्हासाठी सकाळचे पत्रक आणि विजेसाठी दुपारनंतरचे ताजे अंदाज पाहावेत, असा साधा नियम यातून निघतो.

झाडाची सावली : आधार आणि धोका

येथे मूळ मुद्दा येतो. उन्हाच्या दिवसांत दिला जाणारा पहिला सल्ला म्हणजे सावलीत, झाडाखाली थांबा. विजेच्या दिवसांत दिला जाणारा पहिला सल्ला म्हणजे झाडाखाली थांबू नका. दोन्ही बरोबर आहेत. पण दोन्ही एकाच दिवशी लागू होतात. दुपारी बाराला ज्या लिंबाखाली डबा खाऊन माणूस जरा आडवा होतो, तेच झाड चारला गडगडाट सुरू झाल्यावर सोडायला हवे. वीज उंच वस्तूवर पडते, झाडातून उतरते आणि बुंध्याजवळच्या माणसात उडी घेते. जमिनीतूनही ती आजूबाजूला पसरते. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक लोक विजेने मृत्युमुखी पडतात. झाडाचा आसरा हे त्यामागील एक ठळक कारण आहे.

दुसरा अंतर्विरोध वेळेचा. ‘दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, कामे सायंकाळी करा’ असे सांगितले जाते. वळवाची वादळे मात्र प्रामुख्याने दुपारी तीन-चारपासून रात्री आठपर्यंतच्या काळात होतात. ऊन उतरल्यावर मैदानावर निघालेली मुले, गच्चीवर वाळवणे काढायला गेलेल्या गृहिणी, पाणपोईपाशी गाडी लावून थांबलेले विक्रेते नेमके याच वेळी उघड्यावर असतात. दोन्ही इशारे असलेल्या दिवशी खऱ्या अर्थाने सुरक्षित अशी बाहेरच्या कामाची वेळ एकच उरते, ती म्हणजे पहाटेपासून सकाळी दहा-अकरापर्यंतची. बांधकामाचे ठेकेदार, महापालिकांचे आरोग्य विभाग, सभा-समारंभांचे संयोजक आणि शाळांनी वेळापत्रक ठरवताना ‘सायंकाळ म्हणजे सुरक्षित’ हे गृहीतक अशा दिवसापुरते सोडून दिले पाहिजे.

तिसरी गोष्ट वादळ ओसरल्यानंतरची. पहिल्या सरीने हवेत गारवा येतो, पारा काही मिनिटांत आठ-दहा अंशांनी उतरू शकतो, मातीचा गंध सुटतो आणि उन्हाळ्याने माघार घेतल्याचा भास होतो. परंतु वाऱ्याने झाडे तारांवर पडलेली असतात, वीजपुरवठा खंडित झालेला असतो. रात्री भिंतींमध्ये साठलेली उष्णता बाहेर पडू लागते आणि पंखा बंद असतो. भिजलेल्या जमिनीमुळे दुसऱ्या दिवशी हवा अधिक दमट असते. पारा कालच्यापेक्षा तीन अंशांनी खाली असला, तरी शरीराला होणारा त्रास तितकाच असू शकतो. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, तर उष्णतेचा परिणाम दिवसागणिक साचत जातो. म्हणूनच हवामान खाते ‘उष्ण रात्री’चाही वेगळा इशारा देते. कमाल तापमान ४० अंशांवर असताना किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश वा त्याहून अधिक असेल, तर ती उष्ण रात्र ठरते.

काय करावे?

तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. ताक, पन्हे, लिंबू सरबत किंवा मीठ-साखर-पाणी यांनी घामावाटे गेलेले क्षारही भरून निघतात. खिशात कांदा बाळगण्याची विदर्भातील रीत आपुलकीची खरी. मात्र तिच्या भरवशावर उन्हात फिरणे योग्य नाही. डोक्याला दुपट्टा वा उपरणे गुंडाळण्याची रीत मात्र पूर्णपणे शहाणपणाची आहे. खोलीतील हवा ४० अंशांहून गरम असेल, तर नुसता पंखा शरीराला थंड करण्याऐवजी तापवू शकतो; अशा वेळी अंग ओले करणे अधिक उपयोगी पडते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची दिवसातून दोनदा चौकशी करावी. बंद मोटारीत मुलांना क्षणभरही ठेवू नये.

पेटके येणे, चक्कर, मळमळ, विलक्षण थकवा ही पहिली लक्षणे होत. बोलण्यात असंबद्धता आली, शुद्ध हरपू लागली आणि अंग चटके बसावे इतके तापले, तर तो उष्माघात असतो. घाम थांबलेला असेलच असे नाही; श्रमाचे काम करणाऱ्यास घाम येत असतानाही उष्माघात होतो. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेल्यावर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे. काख, मान आणि जांघेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

विजेबाबत ‘तीस-तीस’चा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. चहूबाजूंनी उघडी पत्र्याची शेड, बसथांबा, गच्ची, पाण्याची टाकी ही आसऱ्याची ठिकाणे नव्हेत. जाहिरात फलक, जुनी झाडे आणि अर्धवट बांधकामांच्या परांच्यांपासून दूर राहावे. वीज पडलेल्या व्यक्तीच्या शरीरात विद्युत्‌भार साठून राहत नाही. तिला हात लावणे सुरक्षित असते. हृदय वा श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देऊन केलेले प्रथमोपचार प्राण वाचवू शकतात.

ऋतूचा पाठ

प्रत्येक उन्हाळा सारखा नसतो. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातील सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले. त्यापाठोपाठच्या २०२५च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अवकाळी पावसाने उन्हाळाच गुंडाळला आणि मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे. गेल्या वर्षी असे झाले, म्हणून यंदाही होईल, या अनुमानावर कोणताही बेत आखता येत नाही.

अशा अस्थिर काळात दोन ओळींच्या पत्रकाचे मोल वाढते. त्यातील पहिली ओळ दुपारसाठी, दुसरी सायंकाळसाठी आणि दोन्ही मिळून रात्रीसाठी असतात, एवढे ध्यानात आले तरी पुष्कळ साधेल. ऊन टाळणारा माणूस विजेच्या वाटेत उभा राहू नये आणि विजेपासून वाचलेला माणूस रात्रीच्या उकाड्यात एकटा पडू नये, हे पाहणे घरातल्या वडीलधाऱ्यांपासून महापालिकेपर्यंत सर्वांचेच काम आहे. वेधशाळेने आपले दोन्ही इशारे देऊन ठेवलेले असतात. घड्याळाकडे पाहून ते वाचण्याची सवय तेवढी शहरांनी लावून घ्यायला हवी.